तिन्ही राजे हरले पायजेत

हरायचा राजा हरलाच नाय, तिथून आमच्या नाटकाला घरघर लागली.

आमच्या अवसरीत भैरवनाथाच्या यात्रेला गावातलेच गडी संगीत नाटक करतात. आजकालचं नाय, आजे-पणज्यांपासून. दरसाल नवं नाटक निवडायचं, पेटी-ढोलकी लावून बसवायचं आन् यात्रेत करून दाखवायचं. पण ह्या निवडीत एक गोम हाय. गावात भावक्या तीन. वरची आळी, खालची आळी आन् मळ्यातली. तिन्ही भावक्यांना नाटकात मोठं काम मिळालंच पायजे, ही एक रीत. आन् एका भावकीच्या माणसानं दुसऱ्या भावकीच्या माणसापुढं वाकायचं नाय, मग ते स्टेजवर का असंना, ही दुसरी. आता तुमीच सांगा, ज्या नाटकात कुणी कुणापुढं वाकत नाय, असं नाटक आणायचं कुठून? देवांच्या नाटकातसुदिक कुणीतरी कुणाच्या पाया पडतंच की!

तरी कसंबसं चाललं व्हतं. मग ते लढाईचं नाटक निवडलं आन् घात झाला. वरच्या आळीचा रामनाथ चांगला राजा, खालच्या आळीचा चिमाजी वाईट राजा. तिसऱ्या अंकात चिमाजीनं तलवारीचा वार खाऊन पडायचं. तालमीत रोज गुमान पडायचा बिचारा. पण यात्रेच्या दिवशी खालची आळी पुढच्या सतरंज्या धरून बसलेली. रामनाथनं तलवार उचलली आन् खालनं आवाज आला, "चिमाजी, पडू नको रं!"

झालं. चिमाजी पडंना.

रामनाथ वार करतोय, हा झेलतोय. पेटीवर नवाबभाऊ लढाईची चाल वाजवून वाजवून घामाघूम झाले. रामनाथ दातओठ खात म्हणतोय, "पड की राव," आन् चिमाजी म्हणतोय, "तूच पड." सगळं माईकमधून गावाला ऐकू येतंय! लाकडी तलवारी मोडल्या, मग दोघं एकमेकांच्या दाढ्या उपटायला लागले. मळ्यातला कुशाबा ऋषी झाला व्हता, तो सोडवायला गेला तर त्याचीच जटा हातात आली. शेवटी पडदा टाकला. पडद्याखालनं पाय दिसत व्हते, ते अजून लढतच व्हते.

त्यानंतर नाटक निवडायला बसले की भांडण, भांडण झालं की उठले. यात्रेत नाटकाच्या वेळेला ऑर्केस्ट्रा यायला लागला. आन् यंदा यात्रा कमिटीनं निक्षून सांगितलं, येत्या रविवारी नाटक ठरवा, नायतर नाटकाची वेळ कायमची ऑर्केस्ट्रावाल्यांना देऊन टाकू.

आता तुमी म्हणाल, साळूबाई, त्यात तुझं काय जळलं? सांगते ना.

मी माहेरची आण्याची. आण्याच्या पठारावर हाक मारायची झाली तर पोटातनं मारावी लागते, नायतर वारा खाऊन टाकतो. तसा माझा आवाज. लग्न करून अवसरीत आले, तर आमचे कारभारी हौशीराम मंडळाची नायिका! चेष्टा नाय करत. दाढी तासून, गंगावन लावून, नऊवारी नेसून असे उभे राहायचे की नव्या पावण्यांना खरंच बाई वाटायची. पण सोंग त्यांचं आन् गळा कुणाचा? नवाबभाऊ मंचरहून यायचे, आमच्या ओसरीवर पेटी काढून चाली बसवायचे. यांच्या डोक्यात चाल शिरायला उशीर. मी आत भाकरी थापता थापता उचलायचे आन् मग यांच्याकडनं घोटून घ्यायचे. चालायचं कसं, पदर कसा धरायचा, लाजायचं कधी, सगळं मी. टाळ्या यांना.

वाईट वाटायचं का? खोटं कशाला बोलू, लई वाटायचं. टाळ्या वाजल्या की मी बायकांच्यात बसून पदर तोंडात धरायचे. मला एकदा त्या स्टेजवर उभं राहून गायचं व्हतं. एकदाच. शाळेच्या गॅदरिंगला पोरी नाचतात, माझी सून स्नेहल स्कूटीवरनं मंचरला पतसंस्थेत जाते, सगळं जग बदललं. पण मंडळाच्या स्टेजवर बाई म्हणजे कारभारीच. आन् आता तर नाटकच बंद व्हायला निघालं. स्टेजच गेलं तर मी गाणार कुठं? ऑर्केस्ट्रात?

तर त्या रविवारी देवळाच्या सभामंडपात मीटिंग बसली. बायका मीटिंगला जात नायत, पण चहाला कुणी अडवत नाय. मी किटली घेऊन गेले आन् खांबाला टेकून उभीच राहिले.

मंडळाचा वह्यांचा पेटारा उघडून एकेक नाटक बाहेर काढणं चाललं व्हतं. पहिलं राजा-प्रधानाचं. प्रधानानं मुजरा करायचा म्हणल्यावर चिमाजीनं मान हलवली. दुसरं साधूचं.

"शिष्य कोण व्हणार?" रामनाथनं इचारलं.

कुणीच व्हईना. तिसऱ्यात दोन भाऊ व्हते, तिथं थोरला कोण यावरनं जुंपली. कुशाबा म्हणाला, "जुळे करा की!" तर म्हणे, जुळ्यातपण एक आधी जन्मतो. चौथ्यात सगळेच भिकारी व्हते. मला वाटलं, चला, आता तरी सुटलं. तर रामनाथ ताडकन उठला, "मी खालच्या आळीशेजारी बसून भीक मागू?"

नवाबभाऊ पेटीवर हनुवटी टेकून गप बसले व्हते. त्यांच्या भात्याला सकाळपासून हवा लागली नव्हती. यात्रा कमिटीचा माणूस मोबाईल काढून म्हणाला, "मग मी ऑर्केस्ट्रावाल्याला फोन लावतो."

माझं टकुरंच फिरलं. मी किटली अशी आपटली की झाकण उडून नंदीपाशी गेलं.

"लाव, लाव फोन! आन् ह्या तिघांना मखरात बसव! नाचता येईना अंगण वाकडं! हरायचं कुणी, हरायचं कुणी, म्हणून गावाचं नाटक बुडवलंत. एवढंच हाय ना, तर तिघंपण हरा!"

"म्हणजे?" चिमाजी म्हणाला.

"त्या पेटाऱ्यात तळाशी 'हेमराणीचा पण' म्हणून नाटक हाय. काढा."

मंडळाचे जुने मास्तर व्हते, त्यांनी लिहिलेलं ते. पदं आमच्या ओसरीवर बसवून झाली व्हती, पण नाटक स्टेजवर कधी आलं नाय. हेमराणीचा पण असा की, जो सवाल-जवाबात तिला गाऊन हरवील त्याच्याशी ती लगीन लावील, आन् जो हरंल त्यानं फेटा तिच्या पायाशी ठेवून आपल्या गावाला जायचं. तीन राजे येतात. तिघांना गाणी सारखी, तिघांना सिंहासनं सारखी. तिघंपण हरतात.

"आन् लगीन कुणाशी?" कुशाबानं इचारलं.

"कुणाशीच नाय. राणी एकटी राज्य करते. सुखात."

"बाईपुढं फेटा ठेवायचा?" रामनाथ पुटपुटला.

"का? रोज घरात काय करता?" मी म्हणलं. "तुमी चिमाजीपुढं वाकायचं नाय, चिमाजीनं तुमच्यापुढं वाकायचं नाय. तिघं एकदम हरा आन् बाईकडनं हरा. कुणी कुणाला बोलायचं कामच नाय."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग कुशाबा हसायला लागला, त्याच्यामागं सगळा सभामंडप. कमिटीवाल्यानं मोबाईल खिशात टाकला. नवाबभाऊंनी भात्याला हात लावला. मला वाटलं, जिंकले!

कशाचं काय! चिमाजी म्हणाला, "पण राणी तर हौशीरामभाऊच व्हणार ना? ते वरच्या आळीचे. म्हणजे खालची आळी वरच्या आळीपुढं वाकली की!"

झालं परत सुरू. बाहेरगावची नटी आणायची म्हणलं, तर मंडळाची रीत, गावाबाहेरचं माणूस स्टेजवर नको. गावातलं कुणी घ्यायचं, तर तो कुठल्या ना कुठल्या भावकीचा. नाटक सापडलं आन् राणीच नाय. कमिटीवाल्याचा हात परत खिशाकडं जायला लागला.

मी तोंड उघडलं. कसं उघडलं मलाच ठाऊक नाय.

"राणी मी व्हते."

सगळ्या माना गर्रकन माझ्याकडं वळल्या. मग चिमाजी म्हणाला, "वहिनी, तुमीपण वरच्याच आळीच्या की."

"मी वरच्या आळीला नांदायला आलेय, चिमाजी. जन्मले मी आण्याला. स्टेजवर आण्याची लेक म्हणून उभी राहीन. सून म्हणून गावातली आन् लेक म्हणून बाहेरची. तुमच्या दोन्ही रीती बसल्या."

"ह्या वयात स्वयंवर व्हय?" रामनाथनं टोमणा मारला.

"आमचे कारभारी साठीला टेकेस्तोवर नवरी व्हत व्हते, ते चाललं? मी निदान बाई तरी हाय!"

लोक हसले, पण दबकत हसले. आन् तेवढ्यात नवाबभाऊंनी पेटीवर सूर धरला. काळी चार. माझी पट्टी. मंडळात कुणी त्या पट्टीत गात नाय. एवढी वर्षं ओसरीवर बसून त्यांनी आतला आवाज ऐकला व्हता, आन् मला वाटायचं की कुणाचं लक्ष नाय!

"घ्या वहिनी," ते म्हणाले. एवढंच.

मी गायले. पहिलंच कडवं. सभामंडपातनं आवाज गेला तो पारावर पत्ते खेळणारी माणसं उठून आली. संपलं. सगळे माझ्याकडं नाय, आमच्या कारभाऱ्यांकडं बघत व्हते. कारण राणीचं काम त्यांचं. ते हो म्हणले तरच.

कारभारी उठले, चपला घातल्या आन् चालायला लागले. कमिटीवाला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत वाट बघतो. मग माझा इलाज नाय."

मी घरी आले ती ठिणग्या उडवतच. मनात सगळं जुळवून ठेवलं व्हतं, काय काय ऐकवायचं ते. जन्मभराचं. दारात पाऊल टाकलं तर कारभारी खाली बसलेले, पुढं त्यांची रंगाची ट्रंक उघडी. हातात गंगावन. त्याला तेल लावून फणी फिरवत व्हते.

"हे तुला बसायचं नाय," माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुझं डोकं मोठं हाय."

ऐकवायचं सगळं राहिलं, मी उंबऱ्यावरच टेकले.

"मला सोडवत नव्हतं, साळू," ते म्हणाले. "गावात मला कुणी शेतकरी म्हणून वळखत नाय, राणी म्हणून वळखतात. ती गेली तर मी कोण? तिथं बसून हाच इचार चालला व्हता. मग तू गायलीस. आन् मला कळलं, मी कोण व्हतो. तुझी नक्कल करणारा. नक्कल चांगली करायचो, नाय असं नाय."

"लई चांगली करायचा," मी म्हणलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं. "पदर मात्र कधी नीट धरला नाय."

हसले. मग उठून तसेच देवळात गेले, गंगावन हातातच. सगळ्यांपुढं म्हणाले, "हेमराणीचा पण. राणी साळू. मी पडद्यामागनं वाचून देईन." चिमाजीनं एक अट घातली, स्टेजवर वरच्या आळीचं नाव घ्यायचं नाय. मी म्हणलं, घेत नाय जा. असं आमचं नाटक ठरलं.

तालमींचं काय सांगू तुमाला! बाईनं बाईसारखं कसं चालायचं, हे मला माझा नवरा शिकवत व्हता. "अगं, पाणी आणायला निघाल्यासारखी चालू नको, राणी हायस तू!" मी म्हणायचे, "राणीला पाणी लागत नाय व्हय?" पण शिकले. हात कुठं थांबवायचा, टाळी पडेपर्यंत दम कसा धरायचा, हे त्यांनाच ठाऊक. स्नेहल तालमीचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायची. आण्याहून माझ्या भावजयांचे फोन यायला लागले, "वन्सं, आमी गाडी करून येतोय."

यात्रा आली. दिवसा घाटात बैलगाडे पळाले, गाव धुरळ्यानं माखलं. हल्ली बिबट्यामुळं खेळ लवकर लावतात, उसातनं परतायचं असतं ना लोकांना. दिवेलागणीलाच मैदान भरलं. डावीकडं गडी, उजवीकडं बायका. पुढच्या सतरंज्या परत खालच्या आळीनं धरलेल्या. पडद्याच्या फटीतनं ते बघितलं आन् मी मागं सरकले.

"अवं, मला नाय जमायचं," मी म्हणलं.

कारभाऱ्यांनी माझ्या कपाळावरची चंद्रकोर अंगठ्यानं नीट केली. "आता नाय म्हणलीस तर मला नेसावं लागंल. आन् माझा आवाज ऐकून बिबट्यासुदिक पळंल. जा."

गेले. उजेड डोळ्यांवर, समोर काळोख, आन् काळोखात सगळा गाव. सूर लागंना. नवाबभाऊ काळी चार धरून बसले, सोडीनात, घाई करीनात. मग मी डोळे मिटले, आण्याचं पठार आठवलं आन् पोटातनं हाक मारली तसा सूर काढला.

बाई गं! काय लागला सूर! टाळ्या पडल्या त्या थेट माझ्या. मधी कुणीच नव्हतं. अंगावर काटा आला, अजून सांगताना येतोय.

पहिला रामनाथ आला. तीन सवाल टाकले, तिन्ही मी परतवले. त्यानं फेटा काढून पायाशी ठेवला, वरच्या आळीनं जरा नाक मुरडलं पण गप बसली. दुसरा कुशाबा. त्यानं तर हरताना असं तोंड केलं की लोक लोळले. मग आला चिमाजी.

पहिला सवाल झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तो श्वास घेतोय, आन् पुढच्या सतरंजीवरनं आवाज आला. तोच आवाज, तीच अक्कल.

"चिमाजी, वाकू नको रं!"

मी चिमाजीच्या डोळ्यांत बघितलं आन् मला कळलं. परत तेच. त्यानं नाटकातला सवाल सोडून दिला, माईकजवळ सरकला आन् स्वतःचाच गायला,

"सांग राणी, खरं सांग, लपवू नको काही,
कोणती तुझी आळी, राणी, भावकी कोणती बाई?"

ढोलकी थांबली. अरे माणसा! जे नाव घ्यायचं नाय असं ठरलं, तेच इचारतोय? वरची आळी म्हणावं, तर खालच्या आळीचे उठून स्टेजवर येणार. मीटिंगीत चाललं, पण भर मैदानात आण्याची म्हणावं, तर बाहेरची बाई गावच्या राजाला हरवते म्हणून तिन्ही आळ्या उठणार. गप बसावं, तर हरले. मी हरले की पण मोडला, नाटक मोडलं, पुढच्या सालापासून ऑर्केस्ट्रा. मी पडद्याकडं बघितलं. कारभाऱ्यांच्या हातात कागद व्हते, पण त्या कागदांवर हे नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवले आन् नुसती मान हलवली. म्हण, तुझं तू.

मला राग आला. ह्या मेल्यांचा, ह्या आळ्यांचा, जन्मभर कुणीतरी माझं गाव ठरवत आलं त्याचा. आन् मला रागात चांगलं गाता येतं. मी नवाबभाऊंना खूण केली.

"जन्मले तिथं म्हणले मला, परक्याचं हे धन,
नांदले तिथं म्हणले मला, माहेरी हिचं मन.
तीन आळ्यांत तीन राजांनी वाटून घेतलं गाव,
राजा, तुझ्या आईच्या माहेराचं सांग मला नाव.
तिला जी भावकी, मला ती भावकी, वेगळी मला नाय,
तुझ्या घरात जी दिवा लावते, तिची भावकी काय?"

संपलं. चिमाजीचं तोंड उघडं ते उघडंच.

मग उजवीकडनं, बायकांतनं, एक बाई उठली. चिमाजीची बायको आरती. डोक्यावरचा पदर सावरला आन् खणखणीत ओरडली, "आळेफाटा! माझं माहेर आळेफाटा!"

खालची आळी माना वळवून बघायला लागली. आरतीच्या मागं दुसरी उठली, "ओतूर!" तिसरी, "घोडेगाव!" रामनाथची बायको उठली, "बेल्हे!" नवाबभाऊंची नूरबी हात वर करून ओरडली, "जुन्नर! मेरा जुन्नर!" माझी स्नेहल मोबाईल खाली ठेवून ओरडली. माझ्या भावजया तर काय, स्वतःची माहेरं सोडून माझंच ओरडल्या, "आणे! आणे! आणे!" सगळं उजवं मैदान उभं राहिलं. म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्याला धरून उठल्या आन् ज्या गावाचं नाव त्यांच्या सासरी कुणी घेत नाय ते गाव मोठ्यानं सांगायला लागल्या. गावाच्या बाहेरनं आलेलं अर्धं गाव उभं व्हतं. ती माझी भावकी. मला आधी ठाऊकच नव्हतं ती एवढी मोठी हाय.

मी रडत व्हते. रंग गालावरनं ओघळला, ओघळू दे म्हणलं.

चिमाजी माईकपाशी आला.

"पिंपळवंडी," तो म्हणाला. "माझ्या आईचं माहेर पिंपळवंडी."

त्याची आई जाऊन लई वर्षं झाली. त्यानं फेटा काढला, दोन्ही हातांनी धरला आन् माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, "हरलो, राणी." नाटकातलंच वाक्य, पण तालमीत तो असा कधी म्हणला नव्हता. मी पुढच्या सतरंज्यांकडं बघितलं. आता कोण ओरडतंय? कुणी ओरडलं नाय. पहिली टाळी तिथंच पडली. पडणारच, बायका समोर उभ्या, आन् जेवायला घरीच जायचं व्हतं ना!

मग जे झालं ते आमच्या मंडळात कधी झालं नव्हतं. मागनं एकानं "वन्स मोअर!" म्हणलं, आन् मैदानच ते म्हणायला लागलं. मी नवाबभाऊंकडं बघितलं, नवाबभाऊंनी कमिटीकडं. कमिटीवाला स्वतःच ओरडत व्हता. रीत म्हणजे रीत, वन्स मोअर आला की पदं पहिल्यापासून परत घ्यायची. पण पदं परत घ्यायची म्हणजे राजांनी परत हरायचं! मी रामनाथकडं बघितलं. त्यानं वाकून फेटा उचलला आन् डोक्याला चढवला. कुशाबानं चढवला. चिमाजी माझ्या पायाशीच बसला व्हता. त्यानं फेटा झटकला, नीट बसवला, तुरा सरळ केला आन् माझ्याकडं बघून हसला.

"चला वहिनी," तो म्हणाला. "हरवा परत."